फीत बांधलेली फांदी

झुडूप हलवायचंय म्हणताय? देतो हलवून. पण तीन महिने थांबायची तयारी असेल तरच. आधी एका अंगाने चर खणून अर्ध्या मुळ्या तोडायच्या, मग वाट बघायची, मग उरलेल्या. आणि उन्हाकडच्या फांदीला फीत बांधायची, म्हणजे नव्या खड्ड्यातही झाडाचं तोंड त्याच दिशेला राहतं. हसू नका. झाडाला तोंड असतं. हे कळायला मला माझ्या सख्ख्या बहिणीला फसवावं लागलं.

ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अनंताचं झुडूप होतं, तिची छकुली जन्मली तेव्हा लावलेलं. छकुली सहाव्या वर्षी तापाने गेली. झुडूप मात्र वाढतच राहिलं, इतकं की खिडकी झाकून गेली आणि मुळ्या सांडपाण्याच्या पाइपात शिरल्या. प्लंबर म्हणाला, "बाई, तोडून टाका हे." ताईने दिवसभर अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मला फोन.

"बाळ्या, तोडायचं नाही. मागच्या भिंतीजवळ हलव, खिडकीतून दिसेल असं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भांडी घासताना ती दिसते मला. खिडकीकडच्या फांदीखाली, माझ्याकडे बघत बसलेली. कुणाला बोलू नकोस, वेडी म्हणतील."

पन्नाशीला आलेल्या माळ्याला बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली आहे. मी कुणाला बोललो नाही. पण मनात हसलो होतो, खोटं कशाला सांगू?

दोन खेपा घालायला वेळ होता कुणाला! हातात दुसऱ्या मोठ्या बागेचं काम. तीन महिन्यांनी उगवलो आणि ताईला थाप मारली की मधे तू बाहेर गेली होतीस तेव्हाच चर मारून गेलो. खिडकीकडच्या फांदीला पिवळी फीत बांधली आणि एका दुपारात चारही बाजूंनी मुळ्या तोडून मोकळा झालो. मुळ्यांमध्ये एक रानवेल गुरफटली होती, पांढऱ्या दोऱ्यासारख्या मुळांची. तिचा नखाएवढा तुकडा राहिला तरी पुन्हा उगवते, म्हणून माती चाळून तुकडा न तुकडा वेचायचा असतो. मी वरवरचं उपटलं आणि बाकीचं तसंच ठेवलं.

झुडूप बसवलं, माती दाबली, पाणी घातलं. बघतो तर काय, पिवळी फीत भिंतीकडे! उलटं लावलं होतं. पुन्हा उपसायचं म्हणजे उद्याचा दिवस गेला. मी इकडेतिकडे पाहिलं, फीत सोडली आणि दुसऱ्या बाजूच्या, खिडकीकडे आलेल्या फांदीला बांधली.

"झालं बघ ताई! फीत तुझ्याकडेच."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून जाळतो मला.

तिसऱ्या दिवशी तिने तातडीने बोलावलं. तिन्हीसांज होत होती. ताई खिडकीशी उभी, नळ तसाच वाहतोय, हातातलं पातेलं तसंच हातात.

"बाळ्या... ती भिंतीकडे तोंड करून उभी आहे रे."

"कोण?"

"हाक मारली तरी वळत नाही... तू काही केलंस का?"

फीत तर समोर खिडकीकडेच दिसत होती. तिला कळायला मार्गच नव्हता.

"छे गं," म्हटलं आणि फावडं घेऊन मागे गेलो. झुडपाने मान टाकली होती, फूल एकही नव्हतं, तरी अनंताचा घमघमाट. जवळ गेलो आणि भिंतीच्या बाजूने हुंदका ऐकू आला... लहान मूल रडून रडून थकलं की देतं तसा. वाकून बघायची हिंमत झाली नाही. झुडूप वळवायचं एवढंच डोक्यात होतं. पण वेलीने बुंधा असा आवळला होता की हलेना. मी फावडं दाबलं. उरलीसुरली मुळी काडकन तुटली.

हुंदका थांबला.

आठवड्यात झुडूप वाळलं. ताईने एकदाच विचारलं, "नीट हलवलं होतंस ना?" मी म्हणालो, "अगदी नीट. तिथली मातीच वाईट." वाळकं झुडूप मी फितीसकट जाळलं. ताई आता खिडकीला फडकं लावून भांडी घासते.

फावडं मात्र न धुताच घरी आणलं होतं. महिन्याभरात माझ्या दाराशेजारी वेल उगवली. रोज सकाळी उपटतो, संध्याकाळी वीतभर वर. ऊन अंगणाच्या बाजूला, पण हिचे सगळे शेंडे भिंतीकडे वळलेले. आणि दारात अनंताचा वास. माझ्याकडे अनंत नाही हो.

परवा ताईचा फोन आला. दबकत बोलत होती.

"बाळ्या, छकुली इथे कुठेच नाही रे... मामाकडे आलीय का?"

खरं सांगायचं होतं. चराचं, फितीचं, सगळं ओठांवर आलं होतं. तिने रागावून तोंड फिरवलं असतं, पण मी सुटलो असतो.

"नाही गं ताई," मी म्हणालो.

फोन ठेवून दार उघडलं. सगळे शेंडे भिंत सोडून माझ्याकडे वळले होते. सगळ्यात पुढच्या शेंड्याला पिवळी फीत होती, नुकतंच बुटाची नाडी बांधायला शिकलेलं मूल बांधतं तशा सैल गाठीची.