सूतगिरणीसमोरचा सायकल स्टँड

हसायचं असेल त्यानं आधीच हसून घ्यावं. हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीवर गुदरलंय, आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलंय.

सांगली-मिरजेच्या मधलं एक उपनगर. नाव सांगत नाही, लोक राहतात तिथे. गेल्या मार्गशीर्षातली संध्याकाळ.

भाग्यश्री सायकल मार्गांचं नियोजन करते. मार्ग कुठून न्यायचा, सायकली कुठे लावायच्या, हे ठरवणं तिचं काम. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. नकाशात नाही ते जगात नाही, असा बाईंचा खाक्या!

पण घर जैनांचं, जेवण सूर्यास्ताआधी. त्यामुळे ऊन कललं की पाहणी आटोपून ती घरी. बंद सूतगिरणीच्या गेटसमोरची मोकळी जागा तिनं सकाळी पाहिली, दुपारी पाहिली. सायकल स्टँडला एकदम फक्कड!

दिवेलागणीला मात्र ती तिथे कधीच नव्हती.

तिचे वडील, म्हणजे आमचे शांतिनाथमामा, यांची उभी हयात त्याच गिरणीत गेलेली. ऐकल्या ऐकल्या त्यांनी मान हलवली.

"भाग्या, तिथं नको. तिथं आमी थांबायचो."

"म्हणून तर चांगली जागा, आप्पा," ती हसून म्हणाली.

स्टँड झाला. आणि तक्रारी सुरू झाल्या. संध्याकाळी म्हणे तिथे जागाच मिळत नाही!

शेवटी एकदा ती सूर्य बुडताना गेली.

स्टँड रिकामा. एकही सायकल नाही.

तेवढ्यात जवळच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या चंद्राबाई आल्या. त्यांनी स्टँडकडे पाहिलं आणि सायकल तशीच मागे वळवली.

"लावा की इथं," भाग्यश्री म्हणाली.

"कुठं लावू, ताई? फुल्ल हाय की!"

भाग्यश्रीनं पुन्हा पाहिलं. रिकामाच...

आणि मग... एक घंटी वाजली. अगदी कानाशी.

मग दुसरी.

मग बऱ्याच... कुणाला तरी घाई झाल्यासारख्या.

ती धापा टाकत घरी आली. तिनं सांगितलं तसे मामा आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले.

गिरणीतल्यांची एक रीत होती. पाळी सुटली की सायकली घेऊन गेटसमोर थांबायचं. रस्ता अंधारा, ट्रकची वर्दळ. शेवटचा गडी आला की सगळ्यांनी मिळूनच निघायचं.

एकदा पर्युषणाचा उपवास म्हणून मामा दुपारीच घरी आले. सोबत्यांना सांगायचं राहिलं. ते त्यांची वाट बघत थांबले... आणि त्या घोळक्यात ट्रक घुसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरात नव्हते. त्यांची जुनी सायकलही नव्हती.

भाग्यश्रीला स्टँड आठवला. ती धावत सुटली.

मामा स्टँडपाशी होते. एक पाय पायडलवर, चेहरा हसरा.

"आप्पा, घरी चला!"

"जातो गं. माझ्यापायीच खोळंबल्यात समदी."

घंट्या वाजत होत्या. त्या एकदम थांबल्या...

टायरांची सरसर सुरू झाली...

आणि मामांची सायकल निघाली. त्यांनी पायडल मारलंच नव्हतं.

भाग्यश्रीनं दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं. ती फरफटली, गुडघे सोलवटले, पण तिनं सोडलं नाही. "माझे आप्पा आहेत! नाही देणार!" ती ओरडत होती.

रस्त्यावरचे दिवे लागले... ओढ सुटली. मामा तिच्या अंगावर कोसळले.

ते वाचले. तिनं त्यांच्या सायकलला साखळी घातली. चंद्राबाईंना आता स्टँडवर जागा मिळते. प्रकरण मिटलं, असं आम्हाला वाटलं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. दिवेलागण झाली तसा भाग्यश्रीनं मामांचा हात घट्ट धरला. रोज धरते म्हणे, अंधार पडेपर्यंत.

मामा खिडकीतून खाली बघत होते. मीही बघितलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं...

"भाग्या, भिजाय लागल्यात गं समदी," मामा हळूच म्हणाले. "सोड आता."

तिनं हात सोडला नाही.

पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती फार दमली आहे.