उजवा दिवा

हे खरं आहे. तुम्हाला पटवायला मी बसलेलो नाही. असल्या पानांवर मी स्वतः टर उडवणाऱ्या कमेंट टाकल्या आहेत, त्यामुळे तुम्ही खाली काय लिहाल तेही मला माहीत आहे. खुशाल लिहा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

दिवस गेल्या ऑक्टोबरातल्या विजयादशमीचा. सकाळचे साडेनऊ. जागा, चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं वर्कशॉप.

मी गिरीधर. आम्ही तंजावरकडचे मराठी, राहायला चेन्नईजवळच्या आवडी या उपनगरात. वर्कशॉप माझ्या राजगोपालमामांचं. मोजमापाची जुनी विद्युत यंत्रं दुरुस्त करणं हा आमचा धंदा. काम करणारे तिघेच. मामा, त्यांचा मुलगा वेंकट आणि मी.

आमच्याकडे आयुधपूजेला सगळी यंत्रं पुसून, चंदन-कुंकू लावून बंद ठेवतात. त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, घरातल्या मोठ्यापासून लहानापर्यंत एकेकाने निवडलेलं एकच यंत्र सुरू करायचं आणि मग कामाला लागायचं.

त्या वर्षी मामांनी निवडलं ते एक पल्स जनरेटर.

कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या लिलावातून त्यांनी ते आणलं होतं. साठ वर्षांपूर्वीचं, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं, उचलायला दोन माणसं लागणारं. त्याचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

हे यंत्र ठरलेल्या क्षणी विजेचा एक छोटा झटका सोडतं. बटण दाबलं की आधी डावा दिवा लुकलुकतो. म्हणजे हुकूम मिळाला. मग आतला एक कपॅसिटर भरू लागतो, नळाखाली बादली भरते तसा. साठ व्होल्टला पोचला की टक आवाज होतो, उजवा दिवा लागतो आणि झटका बाहेर पडतो. कपॅसिटर रिकामा. मधला वेळ आपण ठरवायचा. जास्तीत जास्त एक सेकंद.

एक सेकंद. लक्षात ठेवा.

मामांनी बटण दाबलं. डावा दिवा लुकलुकला...

उजवा लागला नाही.

वेंकटने दाबलं. पुन्हा डावाच.

"वाणी, इकडे ये गे," मामा माझ्या मुलीला म्हणाले. "अत्तां तू दाब. मोठी झालीस की अस्की, सगळं काम तुलाच शिकवतो."

वाणी सहा वर्षांची. माझी पाळी मी तिच्यासाठी सोडली होती. मीच तिला उचलून स्टुलावर उभं केलं. मीच तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. मला केवढा अभिमान वाटत होता तेव्हा!

डावा दिवा लुकलुकला.

"म्हातारं झालंय ते," मामा हसले. "परवायिल्लै, असू दे. आज सोडा त्याला."

मी प्लग काढला, वायर गुंडाळून यंत्रावर ठेवली. आम्ही चुरमुरे आणि चणे खाल्ले आणि विसरून गेलो.

अकराव्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी वर्कशॉपमध्ये एकटा होतो. वीज गेलेली. पंखा बंद. मामा एका नातेवाइकाला भेटायला चेन्नईत तिरुवल्लिकेणीला गेलेले, वेंकट चहा आणायला.

टक...

मी वळून पाहिलं. उजवा दिवा लागला आणि विझला.

वायर तशीच गुंडाळलेली होती.

दोन मिनिटांत फोन आला. मामा बसस्टॉपवर उभ्याउभ्या कोसळले होते. चार वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टर हार्ट म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात कधी डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती, त्याचं हार्ट.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मी यंत्राचं झाकण उघडलं आणि त्या कपॅसिटरला मीटर लावला. इतके दिवस प्लग नाही, म्हणजे शून्य हवं.

नऊ व्होल्ट.

तीन दिवसांनी अकरा.

तो पुन्हा भरत होता... कशावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग झाकणाच्या आतल्या बाजूला माझं लक्ष गेलं. तिथे पेन्सिलीने आकडे लिहिले होते, एकाखाली एक. बारा, एकोणीस, सव्वीस... कुणीतरी माझ्याआधी मीटर लावून बसलं होतं. वरचे आकडे रेखीव. खाली खाली अक्षर थरथरत गेलेलं. शेवटचा आकडा एकोणसाठ. त्याखाली काही नाही.

मी वेंकटला सांगितलं. सांगायला नको होतं. पण बटण दाबण्यात दुसरा नंबर त्याचा होता, न सांगून कसं चाललं असतं?

त्याने सगळं ऐकून घेतलं. मीटरवर तेव्हा चौतीस होते.

"माझ्या अप्पाला ह्याने नेलं," तो म्हणाला, "आणि तू आकडे बघत बसलास, गिरीअण्णा?"

त्याने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. कपॅसिटर रिकामा करायची आमची रोजची रीत आहे ती. दोन्ही टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवायचा, ठिणगी उडते, काम झालं. आम्ही हजारदा केलंय.

"नक्को, वेंकट!" मी त्याचा हात धरायला गेलो.

ठिणगी उडाली.

टक...

उजवा दिवा.

"बघ, गेलं," वेंकट म्हणाला. तो हसतही होता. मग स्टूल ओढून बसला, दमल्यासारखा, आणि टेबलावर डोकं टेकवलं.

ते त्याने पुन्हा उचललं नाही.

चौतीस व्होल्टने माणूस मरत नाही हो. बोटाला मुंग्यासुद्धा येत नाहीत. मी हे पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनीही हार्टच लिहिलं. तो एकतीस वर्षांचा होता.

सगळे गेल्यावर मी मीटर लावला. शून्य.

मी भिंतीला टेकून रडलो. वाटलं, संपलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं तर...

शून्य पॉइंट एक.

मी काय काय केलं ते विचारू नका. सगळे व्हॉल्व्ह काढले. आकडा चढतच राहिला. समुद्रात टाकावं, घणाने फोडावं, सगळं मनात येऊन गेलं. पण फोडणं म्हणजे स्क्रूड्रायव्हर टेकवणंच झालं तर? देवळातल्या गुरुजींना अर्धवट सांगितलं. ते म्हणाले, वस्तू देऊन टाका. कुणाला देऊ? ज्याला देईन त्याच्या हातून एखाद्या दिवशी नुसता धक्का लागला तरी...

माझी बायको सौम्या हिला यातलं काही माहीत नाही. दोन मृत्यूंनी मी खचलोय, कामावर जात नाही, एवढंच तिला दिसतं. तिला सांगून काय होणार? माझ्यासारखीच तीही रोज लेकीकडे बघत बसेल.

वाणी मात्र विसरलेली नाही. गेल्या आठवड्यात जेवताना तिने विचारलं,

"अप्पा, माझा दिवा कधी लागेल?"

सौम्या हसली. माझ्या हातातला घास खाली पडला.

मी शेवटचं मोजलं ते मागच्या शनिवारी. छप्पन्न. कपॅसिटर भरत आला की त्याचा वेग मंदावतो, हे पुस्तकात आहे. जुना असला तर थोडा गळतोही, आणि मग कधीकधी वरपर्यंत पोचतच नाही. या एका गोष्टीवर मी जगतोय. पण त्या झाकणावर एकोणसाठ लिहिलेलं आहे.

शनिवारनंतर मी तिकडे गेलेलो नाही. वर्कशॉपला कुलूप आहे. तिथे बसलो तर मला क्षण कळेल, पण पोरीपासून दोन तास लांब असेन. तिच्याजवळ राहिलो तर काही कळणार नाही, पण निदान ती एकटी नसेल. म्हणून मी हे निवडलंय. रोज सकाळी तिला सोडतो आणि शाळेच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसून राहतो. हे तिथेच बसून मोबाईलवर लिहितोय.

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. चेष्टा करणाऱ्यांनीही सांगा. मी सगळ्यांचं वाचतो.

शाळा सुटायला चाळीस मिनिटं आहेत. आत पोरं कविता म्हणताहेत. मोठमोठ्याने, एका सुरात.

आत्ता थांबली...

बाई कुणाला तरी हाक मारताहेत. नाव नीट ऐकू येत नाही. मी फाटकापाशी जातोय.