वैजयंतीचा नंबर

परभणीहून पोखर्णीला निघालेल्या ऑटोत मागं चौघं आधीच बसली होती, तरी ऑटोवाल्यानं पाचवा माणूस आत सरकवलाच. त्याच्या हातात नवंकोरं खोकं होतं आणि परतीचा पाऊस तिरपा आत येत होता. त्यानं खोकं पोटाशी धरलं, पावसाकडं पाहिलं, मग मधोमध बसलेल्या वैजयंतीकडं पाहिलं.

"जरा... मांडीवर घेता का? कॅमेरा आहे. भिजला तर माझी नोकरी वाहून जाईल."

"आन् माझ्या हातून पडला तर?"

"मग तुमच्यावर ढकलता येईल."

वैजयंतीनं खोकं घेतलं आणि त्यावर ओढणीचा पदर टाकला. ओठांवर आलेलं हसू तिनं बाहेर पावसाकडं वळवलं. फारकत होऊन जिंतूरहून माहेरी आल्यापासून लोक तिच्याशी बोलायचे ते आधी चुकचुकायचे. हा नुसता बोलला होता.

त्याचं नाव आदिनाथ, हे तिला पोखर्णीच्या ग्रामपंचायतीत, नोंदणीच्या शिबिरात कळलं. शिबिर त्याचंच होतं. एकदा चेहरा आणि फोन नंबर नोंदवला, की सगळे दाखले, सगळ्या योजना घरबसल्या फोनवर, अशी ओळख सेवा त्याची कंपनी तयार करत होती, आणि पहिल्यांदा याच भागात ती लोकांच्या हाती देऊन पाहत होती.

वैजयंतीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. ती कॅमेऱ्यापुढं बसली. चेहरा जुळला.

"ओटीपी गेलाय. फोन बघा," आदिनाथ म्हणाला.

"तो फोन जिंतूरला हाय," ती हळूच म्हणाली. "लग्नानंतर सगळीकडं त्यांचाच नंबर लावलेला. शंभुराजचा. मागं एकदा ओटीपी विचारला, तर म्हणले, माघारी नांदायला ये, मग सांगतो."

आदिनाथचे हात कळफलकावरच थांबले.

"तुमी तर हे बनवलंय. आतून बदलता येत आसंल ना नंबर?"

"येतो," तो म्हणाला. "पण बदलणार नाही. आज तुमच्यासाठी मागचं दार उघडलं, तर उद्या त्याच दारानं कुणीही येईल आणि तुमचंच नाव उचलून नेईल. मग मी कुणाला अडवू?"

"आता कोण अडवायलंय त्यांना?"

ती उठून गेली. तिचे डोळे भरून आले होते, ते त्यानं पाहिलं, आणि आपण पाहिलं हे तिला कळू नये म्हणून मान खाली घातली.

त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक बाईला त्यानं विचारलं, हा नंबर कुणाचा? नवऱ्याचा. दिराचा. लेकाचा. एकीचा तर किराणा दुकानदाराचा. संध्याकाळी तो वैजयंतीच्या दारात आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"तुम्ही एकट्या नाही. चूक आमच्या कामात आहे. दुरुस्त करायची आहे, पण समोरच्या दारानं. मदत कराल?"

मग दर आठवड्याच्या शिबिराला ती यायची. तो नवा मजकूर पडद्यावर आणायचा, ती वाचायची. आईनं दिलेली दशमी दोघांच्या मध्ये ठेवलेली असायची, आणि शेवटचा तुकडा दोघंही एकमेकांसाठी सोडायचे.

"'आपली ओळख सिद्ध झाली नाही,'" तिनं एकदा वाचलं. "चोर पकडल्यावानी वाटतंय."

त्यानं पुसलं, नवं लिहिलं. "'आम्हाला तुम्हाला अजून ओळखता आलेलं नाही.' आता?"

"आता चूक तुमची वाटायलीय."

"आहेच माझी," तो म्हणाला, आणि नजर काढायला त्याला जरा उशीर झाला.

शेवटी नियम ठरला. नंबर दुसऱ्याच्या हाती अडकला असेल, तर बाईनं स्वतः यायचं, आणि तिला ओळखणाऱ्या दोघांनी समोर उभं राहून साक्ष द्यायची. त्यातला एक जुन्या नोंदीतल्या पत्त्यावरचा.

"म्हंजे माझ्या सासरचा," वैजयंती म्हणाली. "हे तुमी मला मदत करायलाव का फास लावायलाव?"

"तो एक नसेल, तर कुणीही दोन माणसं भाड्यानं आणून कुणाचंही नाव पळवेल... मी फार विचार केला, वैजयंती." त्यानं पहिल्यांदाच तिचं नुसतं नाव घेतलं होतं. तिला राग आला होता, तरी ते ऐकू आलं.

प्रवेशाची मुदत जवळ आली होती. दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता एसटीनं जिंतूरला गेली. सासू, गंगम्मा, सोयाबीनच्या शेतात बांधावर बसली होती. वैजयंतीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गंगम्मानं ऐकून घेतलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि एक अक्षर बोलली नाही. वैजयंती पाणी पिऊन माघारी फिरली. आस संपली असं तिनं धरलं.

पुढच्या शिबिराला माहेरची शेजारीण सरजाबाई साक्षीला बसली. दुसरी खुर्ची रिकामी. दुपार कलली, लोक पांगले. आदिनाथ यंत्र आवरत नव्हता, नुसता दाराकडं बघत होता.

दारात गंगम्मा आली. चपला बाहेर काढून, पदर सावरून, सरळ रिकाम्या खुर्चीवर बसली.

"काय इचारायचं ते इचार, बाबा."

"यांना ओळखता?"

"वळखते. ही वैजयंती. माझी सून व्हती. आता न्हाई. कुनाच्या खिशात ठिवायची चीज न्हाई ती."

वैजयंतीला हुंदका आवरेना. "आत्या, घरी काय सांगताल?"

"खरं सांगन. माझ्या लेकानं तुझं लय नासवलं. त्यो बोलंल, म्या ऐकंन." गंगम्मानं तिच्या गालावरून खरखरीत हात फिरवला आणि शेवटची बस धरायला निघून गेली.

वैजयंतीच्या स्वतःच्या फोनवर ओटीपी आला. तिनं तो कुणालाही न दाखवता टाकला. दाखला निघाला.

प्रवेश झाल्याचं कळवायला ती परभणीला त्याच्या ऑफिसात गेली, तेव्हा आदिनाथ तिच्यासोबत खाली रस्त्यापर्यंत आला. पाऊस थांबला होता, ऑटो समोरून जात होते, पण दोघांपैकी कुणीच हात करत नव्हतं.

"आता तुमचं कुठलंच काम माझ्या हातात राहिलं नाही," तो म्हणाला. "म्हणून आज बोलतो. आधी बोललो असतो, तर तुम्हाला नाही म्हणायला जड गेलं असतं... मला तुम्ही आवडता. फार. तुमच्या भावाला येऊन भेटू का?"

तिच्या पहिल्या लग्नात सगळ्यांना विचारलं होतं, तिला सोडून.

"भावाला नंतर भेटा," ती म्हणाली. "आधी मला इचारा."

आदिनाथनं विचारलं. गाड्यांच्या आवाजात ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"शिक्षण पुरं होस्तोर थांबावं लागंल."

"थांबेन."

"मंग हो," वैजयंती म्हणाली.