ऐंशी अंशांवरची दुपार

कोलशेतच्या प्रयोगशाळेतलं मृणालचं, पाणी कढत ठेवणारं यंत्र बंद पडलं, ते नेमकं मंगळवारी, तिचे मार्गदर्शक सर गावाला गेलेले असताना. आत ऐंशी अंशांच्या पाण्यात मजेत राहणारे तिचे सूक्ष्मजीव होते, आणि त्यांना पछाडणारे, दोऱ्यासारखे लांबलचक विषाणू. पाणी निवलं की वाढ थांबणार, आणि वर्षभराची मेहनत मातीत जाणार.

दुरुस्तीला आला तो आंबिवलीचा धम्मपाल. मागचा पत्रा उघडून म्हणाला, "हीटर गेलाय, मॅडम. नवा यायला तीन तास तरी."

"तोवर सगळं संपेल हो..."

त्यानं पत्रा खाली ठेवला. मग म्हणाला, "कॅन्टीनमधून मोठं पातेलं मिळेल?"

मिळालं. इंडक्शनवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात सूक्ष्मजीवांच्या, घट्ट बुचांच्या बाटल्या. ती थर्मामीटर धरून आकडे सांगायची, तो बटण दाबायचा.

"एक्याऐंशी."

"कमी केलं."

"एकोणऐंशी."

"वाढवलं. पण काय हो, एवढ्या कढत पाण्यात राहून पण यांना आजार होतो?"

"होतो ना. तो दोरा नुसत्या टोकानं चिकटतो. मग सुटका नाही."

"किती वेळ लागतो चिकटायला?"

"फार नाही."

"हां," तो पातेल्यात बघत म्हणाला, "मला पण तसंच वाटलेलं."

मृणालचे कान तापले. वाफेनं असेल...

"मॅडम, आकडा?"

"ऐंशी," तिनं न बघताच सांगितलं. होते चौऱ्याऐंशी.

जीव मात्र वाचले. हीटर बसला, धम्मपाल गेला, आणि मृणालला पुढचे तीन आठवडे चैन पडेना. शेवटी सूक्ष्मदर्शकातले फोटो आले, तसं तिनं त्याला रविवारी डोंबिवलीत चहाला बोलावलं.

करड्या पार्श्वभूमीवर विखुरलेले दोरे तो तिच्या मोबाईलवर बराच वेळ बघत राहिला.

"सुंदर आहेत," तो म्हणाला. "पण मला यातलं काय कळणार?"

"फोटोचं निमित्त होतं." तिनं कप उगाच फिरवला. "मला तुम्हाला भेटायचं होतं."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी दोनदा कोलशेतला आलेलो. गेटवरूनच परत गेलो. काही बिघडलेलं नसताना वर येऊन काय सांगणार होतो?"

"आता सांगा ना."

"आवडतेस," तो म्हणाला—आणि आपण 'अहो-जाहो' विसरलो, हे ध्यानात येऊन एकदम गोरामोरा झाला.

"राहू दे," मृणाल हसत म्हणाली. "असंच म्हणत जा."