चोवीस मीटरवरचा चिमटा

कुणाला पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्रबित्र नव्हती. सकाळचे साडेअकरा, बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे पाण्यानं भरलेली एक बंद खाण.

माझे काका तिथे खोल बुडी मारायला शिकवतात. नियम ठरलेला. जिथवर खोल गेलात तिथे आधी दहा बुड्या, मगच पुढचे तीन मीटर.

दुसरा नियम चिमट्याचा. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. चोवीस मीटरवर खाणीला दोन वाटा फुटतात. एक आडवा बोगदा, दुसरी सरळ खाली, साठ मीटरपर्यंत. त्या फाट्यावर प्रत्येकानं दोरीला आपला चिमटा लावायचा आणि परतताना आपलाच काढायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही. कारण दोरीवर चिमटा आहे म्हणजे तो माणूस अजून आत आहे.

माझा पिवळा होता. त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

त्या दिवशी माझी चोवीस मीटरवरची सातवी बुडी होती.

"आजच्यानंतर तीनच तर राहतात. धरा ना झाल्या म्हणून," मी काठावर म्हटलं.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," काका पाठीवरच्या टाकीचा पट्टा आवळत म्हणाले. "अगं, आमच्यात एक होता असाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आम्ही त्याला बाशिंगच म्हणायचो. एके दिवशी चोवीसवरून एकदम साठला गेला. जिवंत आला नाही. वर आणला तो आम्हीच आणला."

मी हसले होते. आज त्याची लाज वाटते.

बोगदा फिरून आम्ही फाट्यावर परतलो. काका मागे बोगद्यातली दोरी गुंडाळत होते. मला दोन मिनिटं मिळाली.

मी चिमटा तसाच ठेवला आणि खाली साठपर्यंत गेलेली दोरी धरून खालच्या वाटेला लागले.

सत्तावीस. तीस. छत्तीसवर डोकं हलकं झालं. खोलात साध्या हवेचीही नशा चढते. फार छान वाटत होतं. अजून थोडं, अजून थोडं...

तेवढ्यात हातातल्या दोरीला हिसका बसला.

एक... दोन.

दोन हिसके म्हणजे परत फिर. मी वर पाहिलं. काकांचा दिवा पार वर, फाट्याजवळ होता.

दोरी ओढली गेली होती... खालून.

नशा खाडकन उतरली.

फाट्यावर आले तर माझा चिमटा नव्हता. त्या जागी एक निळा, लाकडी. जुना, फुगलेला, टोकाला दातांनी चावलेला. काकांनी त्यावर दिवा धरला... आणि लगेच मला वर जायची खूण केली.

पण वर पळता येत नाही. घाईनं वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात, माणूस हातचा जातो. सहा मीटरवर अठरा मिनिटं थांबायचं होतं. आम्ही दोघं दोरीला धरून समोरासमोर लटकलो.

काकांचे बुडबुडे. माझे बुडबुडे.

आणि आमच्या मधून, खालून... तिसरे.

संथ. एका लयीत. कसलीच घाई नसलेले.

अठरा मिनिटं मी घड्याळावरून नजर हलवली नाही.

"तो बाशिंगचा होता," काठावर आल्यावर काका म्हणाले. "चावायची सवय होती त्याला. माणूस सापडला, चिमटा नाही सापडला."

"मग माझा कुठे गेला?"



पुढच्या आठवड्यात तो काकांना दिसला. खालच्या वाटेत, सत्तावीस मीटरवर, दोरीला नीट लावलेला. काका दर आठवड्याला जातात. दहा बुड्या झाल्या, आणि चिमटा तिसावर गेला. पुढच्या दहा झाल्या, तेहतीसवर.

"तुम्ही काढून आणा ना!" मी रडकुंडीला आले होते.

"नियम मोडून हात पुढे केला होता गं. दोरीला खालून दोन हिसके बसले." मग हळूच म्हणाले, "तो आता नीट शिकतोय. पायरी पायरीनं. फक्त... तुला सोबत घेऊन."

माझा चिमटा मीच काढायचा. पण मी नियमानं उतरायचं म्हटलं, तर तोही तेवढाच पुढे जातो. आणि घाई करायची हिंमत आता माझ्यात नाही. मी पाणीच सोडलं. दोन वर्षं झाली.

काल काकांचा फोन आला. सत्तावन्नवरची दहावी बुडी झाली म्हणाले. पुढचे तीन मीटर म्हणजे साठ.

आज सकाळपासून माझे कान दडपलेत, खोल पाण्यात उतरताना दडपतात तसे. जांभया देते, आवंढे गिळते, मोकळे होत नाहीत. मी घरात आहे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात.

पण दोरीवर चिमटा आहे म्हणजे तो माणूस अजून आत आहे...