ज्याचा हॉर्न आधी

मी हॉर्न बदलायला गेलो होतो, एवढंच. ऑक्टोबरातली दुपार होती, रोडोपच्या डोंगरावर धुकं उतरत होतं, आणि स्तामेन मेकॅनिकच्या गॅरेजात शेगडीवर घेवड्याचं कालवण रटरटत होतं. मोटारसायकल माझी नव्हे, धाकट्या भावाची, यासेनची. लांबच्या प्रवासाची गाडी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, अंगानं म्हशीएवढी. जूनमध्ये यासेन दरीत गेला आणि ही मात्र रस्त्यावरच आडवी राहिली. एक आरसा फुटला, बस्स. निर्लज्ज मेली!

स्तामेननं बटण दाबलं. 'पीं' झालं.

"एवढ्या धुडाला हा आवाज?" तो म्हणाला. "सर्दी झालेल्या कोकरासारखा!"

"काढून टाक. ट्रकला असतो तसला बसव."

"बसवतो. पण ल्युबेन, बैल गेला अन् झोपा केला, असं झालं हे."

"कळतंय मला. तू तुझं काम कर."

त्यानं दोन भोंग्यांचा हॉर्न बसवला. तो वीज जास्त खातो म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर ओढली. वाजवून पाहिला तर कौलावरची कबुतरं उडाली आणि शेजारची म्हातारी शिव्या देत बाहेर आली.

आमच्या घाटात एक वळण आहे, एका वेळी एकच गाडी जाईल असं. तिथला कायदा खेचरांच्या गळ्यात घंटा वाजायच्या तेव्हापासूनचा. ज्याचा हॉर्न आधी, त्याची वाट आधी. दुसऱ्यानं थांबायचं. हॉर्न न देता घुसणारा मेला, तर त्याच्यासाठी आमच्याकडे कुणी मेणबत्तीही लावत नाही. यासेनला उडवणारा लाकडांचा ट्रक रांगेलचा, आमच्याच गल्लीतला. कोर्टात त्यानं शपथेवर सांगितलं, "हॉर्न वाजलाच नाही." सुटला. गावानंही ठरवून टाकलं, पोरगा माजोरी होता, आपल्या कर्मानं मेला. मेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आईनं रीतीप्रमाणे गहू उकडले, ताटं मांडली. कुत्रं फिरकलं नाही! तेव्हापासून ती चर्चला जात नाही, पाव आणायलाही जात नाही. खिडकीशी बसते आणि मला एकच विचारते, "त्यानं वाजवला असेल ना रे?"

काय सांगणार? मी कुठं होतो तिथं?

परत येताना वळणाशी पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक धड दिसेना. ओल्या पाइनचा वास येत होता. मी गाडी थांबवली, अंगठा बटणावर नेला. दाबला नव्हता अजून, देवाशपथ.

'पीं...'

समोरून आला. धुक्यातून. बारीक, सर्दट, तोच.

लगेच पलीकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज झाला. ट्रकचं दार उघडलं, आणि धुक्यातून रांगेल आला.

"ल्युबेन... तूच वाजवलास ना?"

"नाही."

"खोटं बोलू नको! तोच आवाज आहे... यासेनच्या गाडीचा."

"रांगेलकाका," मी म्हणालो, "तुम्ही तर तो कधी ऐकलाच नव्हता."

तो मटकन रस्त्यावर बसला.

"मोपेड वाटली रे... कुणा पोराची मोपेड. म्हटलं, होईल मुकाट्यानं कडेला. भरला ट्रक चढावर कोण थांबवतो मोपेडसाठी?"

माझं डोकं फिरलं. त्याच्या तोंडासमोर मी नवा हॉर्न दाबून धरला. दरी दणाणली. त्याची पापणीही हलली नाही. तो दुसरंच काहीतरी ऐकत होता.

कॉलर धरून त्याला घरी आणला. स्वयंपाकघरात उभा करून आईसमोर सगळं वदवून घेतलं. आईनं एकही शिवी दिली नाही. नुसती रडली. "वाजवला होता... माझ्या लेकानं वाजवला होता."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की काळीज थंड होईल. कसलं काय! चार महिने अख्खं गाव आमच्या दारावर थुंकलं, आणि हे सगळं कशापायी, तर याला ट्रक थांबवायचा कंटाळा.

"वहिनी," रांगेल कुजबुजला, "सांगितलं ना मी सगळं? आता त्याला थांबायला सांगा... फाटकाशी आलाय तो..."

"कोण?" मी खेकसलो. मला फक्त चुलीवरच्या पाण्याचा आवाज येत होता.

आईनं पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला आणि उठली. "आले रे, आले," ती दाराकडे बघून म्हणाली.

"उघडू नका!" रांगेल किंचाळला. "वहिनी, पाया पडतो...!"

आईनं कडी काढली. धुकं आत आलं. ती जरा बाजूला सरली, मग दार लोटून घेतलं, आणि रांगेलच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट ठेवलं.

"हातपाय गार पडलेत रे तुझे," ती म्हणाली. "जेव आधी."

रांगेल भिंतीकडे सरकत गेला, सरकत गेला, आणि भिंत लागल्यावर रडायला लागला. मी डोळे फाडफाडून त्या खुर्चीकडे बघत होतो. सख्खा भाऊ मी त्याचा. मला तेवढा तो दिसला नाही.