वरीलप्रमाणे

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईची तापाची वही काढून ठेवा. मी दुपारी येते."

काम तसं साधंच होतं. मुलगी मोठ्या इस्पितळात सिस्टर आहे आणि नव्याने आलेल्या मुलींना शिकवते. रोग्याचा ताप तारखेवार संगणकात कसा भरायचा, त्याचा आलेख कसा काढायचा, हे दाखवायला तिला एक खरी वही हवी होती.

"मनाने आकडे घालता येतील की," मी म्हणालो.

"बनवलेले आकडे लगेच ओळखू येतात, बाबा. फार शहाण्यासारखे वागतात."

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही.

वही आतल्या खोलीत होती. ही गेली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत झोपतो. आत फक्त झाडून घेतो, खिडकी उघडतो, लावतो. तिचा पलंग तसाच आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर वही होती, वहीवर थर्मामीटरची डबी. दोन्ही मी बाहेर आणून टेबलावर ठेवली आणि वाट बघत बसलो.

माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. मी एकतीस वर्षं एका धुलाई कारखान्यात बॉयलरवर होतो. दर तासाला दाबाचा काटा बघायचा आणि नोंदवहीत आकडा लिहायचा. काटा हलला नसेल तर तोच आकडा पुन्हा कोण लिहीत बसणार? आम्ही दोन तिरप्या रेघा मारायचो. म्हणजे वरीलप्रमाणे. सुरुवातीला काटा बघून मारायचो. मग स्टुलावर बसल्या बसल्या, न बघता. सगळेच करायचे. बॉयलर गुणी होता, कधी काही झालं नाही. हाताला मात्र ती सवय लागली ती लागलीच.

मुलगी चार वाजता आली. आल्या आल्या वही उघडून म्हणाली, "काय हे अक्षर! मुंग्यांची जत्रा भरलीय नुसती. तुम्हीच वाचा, मी टाइप करते."

लॅपटॉपवर तिने चौकटींचा तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात ताप. मी वाचत गेलो, ती भरत गेली. शंभर पॉइंट दोन. एकशे एक. एकशे एक पॉइंट चार. बाहेर ऊन उतरत होतं. तिच्या बोटांची टकटक आणि माझा आवाज, बाकी घरात काही नव्हतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी नव्याण्णव होता.

"नव्याण्णव," मी म्हणालो.

ती जरा थांबली. "माहितीय, बाबा? इस्पितळात मुली मला मागून नव्याण्णवबाई म्हणतात. कुणी नव्याण्णव ताप लिहिला की मी स्वतः जाऊन पुन्हा बघते. वैतागतात बिचाऱ्या." मग वहीवर वाकली. "इथे पुढचे तीन दिवस आकडा नाही. नुसत्या रेघा आहेत."

"वरीलप्रमाणे," मी म्हणालो.

"म्हणजे नव्याण्णव?"

"हो."

तिने तीनदा नव्याण्णव भरला. त्यापुढे वही कोरी होती. चौथ्या दिवशी पहाटे ही गेली होती.

"आता बघा गंमत," मुलगी म्हणाली. तिने दोन्ही रकाने निवडले, कुठे तरी दाबलं, आणि पडद्यावर रेघ उमटली. खाली तारखा, डावीकडे ताप. चव्वेचाळीस दिवसांचं आमचं जागरण, एवढ्याशा जागेत. रेघ चढत होती, पडत होती, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी छान खाली आली होती.

आणि तिथून ती वर गेली.

सरळ जायला हवी होती. तीन दिवस नव्याण्णव म्हणजे सपाट रेघ, एवढं मलाही कळतं. पण ती जिना चढावी तशी चढली होती.

"माझंच काही तरी चुकलं," मुलगी पुटपुटली. तिने तक्त्यात बघितलं. नव्याण्णव, नव्याण्णव, नव्याण्णव. तिने आलेख पुसला, पुन्हा काढला. रेघ पुन्हा तशीच. तिने माउसचा बाण शेवटच्या ठिपक्यावर नेला. बाजूला छोटी पाटी उघडली. तारीख, आणि खाली एकशे तीन पॉइंट आठ.

"हे कुठून आलं…?"

मला तेव्हा वास आला. ओल्या फडक्याचा. कपाळावर ठेवून ठेवून गरम झालेल्या पट्टीला येतो तसा. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, मघाशी वही काढताना मी लावायचं विसरलो असेन. तिथून ऊब येत होती. मी बॉयलरवाला आहे. कुठून, किती ऊब येते हे माझ्या कातडीला कळतं. ती उन्हाची नव्हती. अंगाची होती.

"होतं कधी कधी असं," मुलगी म्हणत होती, पण तिचा आवाज बारीक झाला होता. "तारखा नीट घेतल्या जात नाहीत… मशीनचं काही सांगता येत नाही…"

तेवढ्यावर सुटलो असतो मी. मशीन बिघडलं, असं म्हणून चहा टाकला असता. सात वर्षं तेच करत आलो होतो.

"मशीन बरोबर आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं.

"ते तीन दिवस मी थर्मामीटर लावलाच नाही, बाळा."

 मग मीच सांगत गेलो, हळूहळू. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप एकशे दोनच्या वर गेला की घरी ठेवायचं नाही, तडक इस्पितळात दाखल करायचं. आणि ही माझा हात धरून म्हणाली होती, मला परत तिथे नेऊ नका. एक्केचाळिसाव्या दिवशी नव्याण्णव आला तेव्हा आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो होतो. ती दोन घास जेवलीही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या कपाळाला हात लावला आणि हाताला कळलं. मग थर्मामीटर काढलाच नाही. काढला असता तर आकडा दिसला असता. दिसला असता तर न्यावं लागलं असतं. मी वही घेतली आणि दोन रेघा मारल्या.

"आईने विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाली, आज लावत नाही का हो? मी म्हटलं, लावला की, तू झोपेत होतीस. तर म्हणाली, नव्याण्णवच का? मी म्हटलं, हो. मग ती हसली."

आत पलंगाची लाकडं करकरली. कुशीवर वळताना करकरायची तशी. आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"मी फोन केला होता," मुलगी म्हणाली. "येऊ का म्हणून विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, नको येऊस, नव्याण्णव आहे."

"हो."

"बॅग भरून दाराशी ठेवली होती, बाबा. आई गेल्यावर कितीतरी दिवस ती उपसली नाही मी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "सात वर्षं मला वाटतंय, की मला कळायला हवं होतं. नव्याण्णव ताप असताना माणूस कसं जातं, ते मला शिकूनही कळलं नाही…"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिने डोकं बाजूला घेतलं नाही, पण जवळही आणलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, आणि त्या तीन चौकटींतले आकडे एकेक करून पुसले. "मोजलं नसेल तर जागा रिकामी ठेवायची," ती म्हणाली. मला म्हणाली की त्या शिकाऊ मुलींना, कोण जाणे. "रिकामी जागा ही पण नोंदच असते."

पडद्यावरची रेघ एक्केचाळिसाव्या दिवशी तुटली. पुढे तीन तारखा, वर काही नाही. त्याबरोबर ती ऊबही गेली. खोलीत एकदम इतकं गार झालं की मी शाल ओढली.

जाताना ती दारात थांबली. चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थर्मामीटर झटकून ठेवा. पारा चढलेला ठेवू नये."

ती गेल्यावर मी डबी उघडली. एक्केचाळिसाव्या दिवशी मी तो झटकूनच ठेवला होता. त्यानंतर तो कुणाच्या जिभेखाली गेला नव्हता.

पारा एकशे तीन पॉइंट आठवर होता.

मी तो झटकला, पंचाण्णवच्या खाली आणला, डबीत घातला, डबी कपाटात. सकाळी उघडली तर एकशे दोन पॉइंट सहा. हाताशी वही होती. त्याच पानावर, जिथे नोंद थांबली होती तिथून खाली, मी तारीख घातली आणि आकडा लिहिला. दुसरं काय करणार? मग मुलीला फोन केला. तिने आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाली, "बरं. उद्याही सांगा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी झटकतो, रोज सकाळी बघतो, लिहितो, सांगतो. ती तिकडे भरते. एकशे एक. शंभर. आम्ही दुसरं काही बोलत नाही. पण सात वर्षांत एवढे फोन झाले नव्हते.

मग नव्याण्णव आला. दुसऱ्या दिवशी नव्याण्णव. आज तिसऱ्या दिवशीही नव्याण्णव.

"रेघा नाही ना मारल्या?" आज सकाळी तिने विचारलं.

"नाही गं. डोळ्यांनी बघून तिन्ही दिवस आकडा लिहिलाय."

"इथे रेघ सपाट झालीय, बाबा." मग थोडं थांबून, "उद्या चौथा दिवस."

"हो."

"येऊ का?"

नको येऊस, असं जिभेवर आलंच होतं. जुनी सवय. मी ते गिळलं.

"ये," मी म्हणालो.

"बॅग भरलेलीच आहे," ती म्हणाली.

आता दिवस मावळतोय. पारा झटकायला मघाशी आत गेलो होतो. उशीवर हात ठेवून बघितला. गार आहे. वास नाही, करकर नाही. घर कसं शांत आहे. मुलगी सकाळी पहिल्या गाडीने पोहोचेल.

वही कपाटात ठेवण्याआधी मी सहज उघडली. आजच्या नोंदीखाली उद्याची तारीख घातलेली आहे. अक्षर माझं नाही. गोल, सुटं, हिचं आहे. आणि तारखेपुढे दोन तिरप्या रेघा आहेत, मी मारायचो तशाच, हुबेहूब.

म्हणजे हिने तेव्हा, त्या तीन दिवसांत, वही बघितली होती.